तुंबडी, नस्तर आणि गॅलेन

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माळा आवरायला घेतला होता. आमचे घर खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावात, जुने आणि कौलारू. मुख्याध्यापकाला सुट्टी मिळते ती अशाच कामांसाठी. फुटक्या कंदिलांच्या आणि जुन्या पंचांगांच्या ढिगात फडक्यात गुंडाळलेली एक तांब्याची वाटी हाताला लागली. वाटी म्हणायची ती केवळ आकारावरून; पोट फुगीर आणि तोंड मात्र आत वळलेले. कशासाठी असावी ते कळेना, म्हणून मोडीच्या पोत्यात टाकली. खाली बसून सगळे पाहणारी आत्या तेवढ्यात ओरडली, "ते टाकू नको की रे! तुझ्या आजोबांना लावलेली तुंबडी ती."

आजोबा गेले १९५१ साली, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. आठवडाभर उतरत नसलेल्या तापावर गावोगाव फिरून तुंबड्या लावणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना बोलावले होते. त्यांनी पाठीवर तुंबड्या लावल्या आणि कोपराजवळची शीर नस्तराने उघडून रक्त काढले. त्या रात्री ताप उतरला, आजोबांनी पेज मागितली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. पुढची तीस वर्षे आजी सांगत राहिली की रक्त काढले म्हणून तीन दिवस तरी लाभले, आधी बोलावले असते तर माणूस वाचला असता. आजोबांचे थोरले बंधू म्हणत राहिले की रक्त काढले म्हणूनच माणूस गेला. ते उपचाराच्या विरुद्ध होते, आजीने हट्टाने बोलावणे धाडले होते. त्या एका मतभेदावरून घराच्या मधोमध भिंत आली. ती अजून आहे. आम्ही चुलत भावंडे दोन दारांनी ये-जा करतो.

मी इतिहासाचा एम.ए. माझ्या विषयात वैद्यकाला फारसे स्थान नव्हते. पण ती वाटी टेबलावर ठेवल्यापासून वर्षभर याच विषयाचे वाचन करीत राहिलो, आणि पाहतो तो काय, आमच्या घरातले भांडण अठराशे वर्षांपूर्वी रोममध्ये जसेच्या तसे होऊन गेले होते. त्याचीच ही हकीगत.

आधी वाटीविषयी. तुंबडी म्हणजे मूळचा वाळवलेला भोपळा हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. 'स्वतःची तुंबडी भरणे' हा वाक्प्रचार तर आपण रोजच्या रोज वापरतो, आणि वापरण्याजोगे प्रसंगही रोजच येतात. सुश्रुतानेही अलाबु, म्हणजे भोपळा, शृंग आणि जळू ही रक्त काढण्याची साधने सांगितली आहेत. पण रोमन लोक लॅटिनमध्ये याच साधनाला 'कुकुर्बिटा' म्हणत, आणि कुकुर्बिटा म्हणजेही भोपळाच, हे वाचले तेव्हा गंमत वाटली. यावरून कोणी कोणाकडून घेतले याचा वाद आमच्या स्टाफरूममध्ये एक तासभर रंगला. माझे मत विचाराल तर, भोपळा दोन्हीकडे पिकत होता आणि दुखणीही दोन्हीकडे होती. उसनवारीचा पुरावा नाही, आणि तो नसल्याने कोणाचे काही अडतही नाही.

सेल्सस नावाचा रोमन लेखक इसवी सनाच्या पहिल्या शतकात, टायबेरियस बादशहाच्या काळात होऊन गेला. त्याने तुंबडीचे दोन प्रकार वर्णिले आहेत. एक पितळी-काशाची, एका बाजूने बंद. तिच्यात पेटता कापूस किंवा चिंधी टाकायची आणि तोंड अंगावर दाबून धरायचे, की ती चिकटते. दुसरी शिंगाची, तिच्या टोकाला बारीक भोक असते, त्यातून तोंडाने हवा ओढून घ्यायची आणि भोक मेणाने बुजवायचे. यांपैकी काहीच नसेल तर अरुंद तोंडाचा साधा पेला किंवा मडके चालेल, असेही तो सांगतो. तुंबडीखालची कातडी आधी चिरली तर रक्त येते, न चिरली तर नुसती हवा ओढली जाते. आत्याला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग त्यात नवीन काय सांगितलं त्यानं?"

ग्रीकांमध्ये तर तुंबडी ही वैद्याची खूणच होती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जेसन नावाच्या अथेन्सकडच्या एका वैद्याची इ.स. दुसऱ्या शतकातली शिळा आहे. वैद्य बसला आहे, पोट फुगलेला एक मुलगा पुढे उभा आहे, वैद्य त्याचे पोट चाचपतो आहे, आणि शेजारी जवळजवळ त्या मुलाएवढी मोठी तुंबडी कोरली आहे. एवढी मोठी तुंबडी कधीच नसते. आज डॉक्टरच्या पाटीवर स्टेथास्कोप काढतात तशीच ती. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तेलाची एक छोटी कुपी आहे, इ.स.पू. ४८० ते ४७० च्या सुमाराची. तिच्यावर तरुण वैद्य एका माणसाच्या हाताची शीर उघडताना दिसतो आणि इतर रोगी पाळीची वाट पाहत बसले आहेत. सरकारी दवाखान्यातल्या बाकड्यासारखेच ते चित्र आहे.

रक्तस्राव, म्हणजे शीर उघडून रक्त काढण्याची चिकित्सा, हिपोक्रेटीसपासून चालत आली असे सर्वसाधारण पुस्तकांत लिहिलेले असते. हा कॉस बेटावरचा वैद्य इ.स.पू. ४६० च्या सुमारास जन्मला. त्याच्या नावावर साठएक ग्रंथ आहेत आणि त्यांतले त्याचे स्वतःचे किती, हे आजतागायत ठरलेले नाही. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त हे चार रस, त्यांचा समतोल म्हणजे आरोग्य, हा सिद्धान्त याच ग्रंथांतला. पण ज्या ग्रंथात तो स्पष्ट मांडला आहे तो हिपोक्रेटीसचा जावई पॉलिबस याचा असावा. आपल्याला वात-पित्त-कफ पाठ असल्याने हे सारे लगेच समजते.

पण गंमत अशी की, या ग्रंथांत रक्त काढण्याचा उल्लेख त्या मानाने तुरळक आहे. 'साथी' या ग्रंथाच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात मिळून ४२ रोग्यांच्या दिवसवार नोंदी आहेत. त्यांतले २५ दगावले. आपले रोगी मेले हे इतक्या सरळपणे लिहून ठेवणारा वैद्य त्या काळी होता, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. निकालाचा तक्ता जिल्ह्याला पाठवताना आमचा हातदेखील जरा थरथरतो. या ४२ जणांपैकी शीर उघडल्याची नोंद फक्त एकाची आहे. अब्डेरा गावात, थ्रेशियन वेशीजवळ राहणारा ॲनाक्सिओन. उजव्या कुशीत दुखणे, कोरडा खोकला, ताप. आठव्या दिवशी कोपराची शीर उघडली, रक्त भरपूर आले, दुखणे कमी झाले. खोकला मात्र राहिला. पुढे चढउतार होत होत चौतिसाव्या दिवशी घाम येऊन तो बरा झाला. आता, आठव्या दिवशी काढलेल्या रक्ताने चौतिसाव्या दिवशीचा घाम आला का? लिहिणाऱ्याने तसे म्हटलेले नाही. त्याने जे दिसले ते लिहिले आणि तो थांबला.

रोममध्ये वैद्यच फार उशिरा आले. प्लिनी सांगतो की सहाशे वर्षे रोमने वैद्यांवाचून काढली. पहिला ग्रीक वैद्य आर्कागाथस इ.स.पू. २१९ मध्ये आला. त्याला नागरिकत्व दिले, चव्हाट्यावर सरकारी खर्चाने दुकान घेऊन दिले, आणि लोक कौतुकाने त्याला जखमा बरा करणारा म्हणू लागले. मग त्याचे कापणे आणि डागणे पाहून त्याच लोकांनी त्याचे नाव 'खाटीक' ठेवले. जुन्या वळणाचा केटो तर मुलाला बजावीत असे की ग्रीकांनी आपल्याला औषधाने मारण्याची शपथच वाहिली आहे, आणि विश्वास बसावा म्हणून ते वर पैसेही घेतात. नव्या उपचाराकडे संशयाने पाहणारे थोरले आजोबा प्रत्येक देशात असतात असे दिसते.

याच प्लिनीने रक्तस्राव माणसाला कोणी शिकवला तेही लिहिले आहे: पाणघोड्याने. खाऊन खाऊन अंगात फार रक्त साचले की तो नदीकाठी येतो, नुकतेच कापलेले बोरू शोधतो, त्याच्या अणकुचीदार खुंटावर अंग दाबून पायाची शीर टोचून घेतो आणि पुरेसे वाहिले की जखमेवर चिखल लिंपतो. सातवीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा मुले हसली. मग त्यांना आठवण करून दिली की हा प्लिनी आपल्या काळचा सर्वांत व्यासंगी माणूस होता आणि व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात, इ.स. ७९ मध्ये, लोकांना वाचवायला गेला असता मेला. त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १७७१ साली एका घरात वैद्याची हत्यारे सापडली. घराला आजही 'शल्यविशारदाचे घर' म्हणतात.

सेल्ससच्या काळापर्यंत चित्र पालटले होते. रक्त काढणे नवे नाही, पण बहुतेक कुठल्याही आजारात रक्त काढायचे हे मात्र नवे आहे, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. मला सेल्सस आवडतो, कारण हात कुठे चुकतो हे तो सांगतो. शीर धमनीला आणि मज्जातंतूंना लागून असते. नस्तर तंतूला लागले तर आकडी येते, धमनी कापली तर ती भरून येत नाही. शीर आरपार कापली तर टोके मिटून रक्तच येत नाही. आणि भीत भीत कापले तर नुसती कातडी चिरली जाते, शीर उघडत नाही. लहान मुले, म्हातारे, गर्भवती यांचे रक्त काढू नये असा जुना नियम होता. सेल्सस म्हणतो, वय पाहू नका, ताकद पाहा. रक्त काळे आणि दाट असेल तर वाहू द्यावे, लाल आणि नितळ असेल तर लगेच थांबवावे. शिरेतले रक्त मुळातच गडद असते, त्यामुळे हा दाखला जवळपास दरवेळी वैद्याच्या बाजूने पडत असणार.

आता रोममधल्या भांडणाकडे येतो. त्यात दोन माणसे आहेत आणि त्यांच्यात चारशे वर्षांहून अधिक अंतर आहे.

पहिला एरासिस्ट्रेटस, केऑस बेटाचा, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. शरीरविच्छेदन करून हृदयाच्या झडपा कशा एकाच दिशेने उघडतात हे त्याने ओळखले होते. पण त्याची एक ठाम समजूत होती: शिरांत रक्त असते आणि धमन्यांत हवा, म्हणजे प्राणवायूसारखे काही तत्त्व. फार खाल्ल्याने शिरांत रक्त तुडुंब साचते, ते धमन्यांत पाझरते, आणि तिथल्या वाऱ्याची वाट अडते म्हणून दाह आणि ताप. मग उपाय काय? आपल्याला वाटेल, रक्त काढणे. तो म्हणाला, नाही. उपास घाला. हातपाय पट्ट्यांनी बांधा, म्हणजे रक्त तिथेच अडून राहील. शीर उघडली तर रोगी अशक्त होतो आणि मग त्याला उपासही सोसत नाही.

दुसरा गॅलेन. इ.स. १२९ मध्ये आशिया मायनरमधल्या पर्गामम इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बेर्गामा गावी जन्मला. वडील वास्तुविशारद, शांत. आई इतकी तापट की दासींना चावत असे, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. (मातेविषयी असे लिहू नये, पण ग्रीकांची रीत वेगळी.) मुलाला वैद्य कर, असे वडिलांना स्वप्नात दिसले. स्मर्ना, कोरिंथ, अलेक्झांड्रिया इथे शिकून तो परतला आणि इ.स. १५७ पासून अखाड्यातल्या ग्लॅडिएटरांचा वैद्य झाला. फाटलेली शरीरे शिवत शिवत तो शरीर शिकला. इ.स. १६२ मध्ये तो रोमला आला.

तिथे एरासिस्ट्रेटसच्या पंथाचे वैद्य गुरूचा शब्द प्रमाण मानून बसले होते. गॅलेनने एक रोगी स्त्री पाहिली, वय २१. मासिक धर्म थांबलेला, चेहरा लाल, थोडा खोकला, श्वास लागत होता. एरासिस्ट्रेटसपंथीयांनी तिचे हातपाय बांधले आणि उपास घातला. गॅलेन म्हणाला, निसर्ग जे रक्त बाहेर टाकत होता ते अडले आहे, शीर उघडा. त्यांनी ऐकले नाही. ती मेली.

या गोष्टीने गॅलेन पेटला. पुढे एका जाहीर सभेत एरासिस्ट्रेटसचे पुस्तक पुढे ठेवले गेले, प्रथेप्रमाणे त्यात लेखणी खुपसून पान निवडले गेले, आणि ते रक्तस्रावाविषयीचेच निघाले. गॅलेनचे वय तेव्हा ३४. मार्शिअलिअस नावाच्या एका वयस्क प्रतिस्पर्ध्याला खिजवण्यासाठी आपण जरा लांबलचक बोललो, असे त्याने प्रांजळपणे मान्य केले आहे. मित्राच्या आग्रहावरून ते भाषण लघुलेखकाला सांगून उतरवले गेले आणि त्याच्या प्रती हातोहात पसरल्या. तेच रक्तस्रावावरचे त्याचे पहिले पुस्तक.

गॅलेनचे म्हणणे तर्काला धरून होते हे कबूल करावे लागते. त्याच्या मते अन्नाचे रक्त यकृतात बनते, शिरांतून सर्वांगात जाते आणि तिथेच पोषणात खर्च होते. विहिरीचे पाणी पाटाने मळ्यात जाऊन मुरावे तसे. परत विहिरीत काही येत नाही. मुरण्यापेक्षा जास्त आले तर ते साचणार आणि कुजणार. मग बांध फोडून पाणी सोडावे लागते. धमन्यांत हवा असते हेही त्याने खोडून काढले: जिवंत जनावराची धमनी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधायची आणि मधला भाग चिरायचा. आत रक्तच निघाले. इतका सुंदर प्रयोग करणारा माणूस प्रयोगाअंती बरोबर ठरला, आणि त्या बरोबर ठरण्याच्या जोरावर त्याचे बाकीचेही सारे बरोबर मानले गेले. हृदय अधिक नीट पाहिलेला एरासिस्ट्रेटस हरला, आणि त्याच्याबरोबर शीर न उघडण्याचा त्याचा सल्लाही हरला.

यानंतर जे झाले ते मला या सगळ्या कथेत सर्वांत विचित्र वाटते. साथीच्या दिवसांत, इ.स. १६६ मध्ये, गॅलेन रोम सोडून गावी गेला. मार्कस ऑरेलियस बादशहाने बोलावल्यावर काही काळाने परतला. पाहतो तो, शीर उघडण्याच्या नावाने कानांवर हात ठेवणारे तेच एरासिस्ट्रेटसपंथी आता जो येईल त्याचे रक्त काढत सुटले होते! वर, आमच्या गुरूचेही मत हेच होते, असे सांगत होते. गॅलेनला पुन्हा लेखणी उचलावी लागली, ती या वेळी हे सिद्ध करायला की तुमच्या गुरूने रक्त काढू नये असेच सांगितले होते, आणि सरसकट सर्वांचे रक्त काढणे घातक आहे. मग तिसरे पुस्तक लिहिले: कोणाचे, कधी, कुठून, किती.

त्यातली पथ्ये काटेकोर आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलांचे आणि सत्तरीपुढच्यांचे काढू नये. ऋतू पाहावा, रोग्याची ताकद पाहावी. यकृताच्या दुखण्याला उजव्या हाताची शीर, प्लीहेला डावी. रक्त वाहत असताना नाडीवर बोट ठेवावे आणि ती बदलली की थांबावे. नाहीतर मूर्च्छेऐवजी मृत्यूच यायचा, असे तो बजावतो. म्हणजे मूर्च्छा येईपर्यंत काढणे त्याला मान्य होते. जोरदार तापात तर तेच त्याचे ध्येय असे. एका तरुणाचे त्याने असे रक्त काढले की तो मूर्च्छित झाला, अंग गार पडले, पोट साफ झाले, घाम सुटला. पाहणाऱ्यांपैकी एकजण उद्गारला की या माणसाने तर तापाचा गळाच चिरला, आणि सगळे हसले. ताप उतरला हे खरे. रक्त गेल्याने धक्का बसलेल्या माणसाचे अंग गार पडते आणि घाम सुटतो, हे आज बारावीच्या मुलालाही सांगता येईल. इथे वाचता वाचता मी थांबलो. आजोबांचा ताप त्या रात्री कसा उतरला असेल, हे मला तेव्हा प्रथम कळले, किंवा कळले असे वाटले.

किती रक्त? काही तापांत आपण सहा 'लित्रा' काढल्याचे गॅलेन लिहितो. लित्रा म्हणजे रोमन रत्तल, सुमारे ३२७ ग्रॅम. आमच्या शाळेत दरवर्षी रक्तदान शिबिर असते. एका पिशवीत ३५० मिलिलिटर जाते, त्यामुळे लित्रा म्हणजे एक पिशवीच म्हणा. सहा लित्रा म्हणजे सहा पिशव्या, अंगातल्या पाचएक लिटरमधले जवळजवळ दोन लिटर. सुश्रुताने बलवान माणसालाही एका प्रस्थाची सीमा घातली आहे, आणि दोष थोडा शिल्लक राहिला तरी चालेल पण जास्त काढू नये असे म्हटले आहे. हे मी अभिमानाने सांगतो असे कोणी म्हटले तर म्हणो.

मात्र गॅलेन इतरांवर प्रयोग करून स्वतः सुरक्षित राहणारा नव्हता. तरुणपणी यकृत आणि पडद्याच्या मधोमध त्याला दुखणे लागले होते. स्वप्नात दोनदा आदेश झाला की उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांमधली धमनी उघड. त्याने उघडली, रक्त आपोआप थांबेपर्यंत वाहू दिले. एक लित्राही गेले नाही आणि दुखणे कायमचे थांबले. पर्गामममध्ये ॲस्क्लेपिअस या आरोग्यदेवतेचे प्रसिद्ध देऊळ होते. रोगी तिथे झोपत आणि देव स्वप्नात उपाय सांगे. याच देवळात गॅलेनच्या काळचा नामांकित वक्ता एलिअस अरिस्टाइडीस वर्षानुवर्षे राहत होता. त्याला देवाने कोपरातून साठ लित्रा रक्त काढायला सांगितले! म्हणजे चार माणसांचे सगळे रक्त. त्याने अर्थ असा लावला की पुष्कळ वेळा काढावे लागेल, आणि तसे केले. देवळातले सेवेकरी म्हणाले की एक माणूस सोडला तर एवढे कापून घेतलेला दुसरा कोणी आम्ही पाहिला नाही. आणि हा गृहस्थ साठीपार जगला.

गॅलेन पुढे बादशहांचा वैद्य राहिला. इ.स. १९२ च्या आगीत त्याची पुस्तके आणि हत्यारे ठेवलेले कोठार जळाले. या नुकसानीवर त्याने लिहिलेले पत्र शतकानुशतके हरवलेले होते. ते २००५ साली ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या एका मठात सापडले. तरीही जेवढे उरले ते प्रचंड होते. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकने त्याचे ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले, तिथून इब्न सिनाच्या ग्रंथात आणि हकिमांच्या हातून दख्खनपर्यंत ते ज्ञान आले. आपण 'युनानी' म्हणतो ते यवनांचे, म्हणजे ग्रीकांचेच. जालीनूस म्हणजे गॅलेन, बुकरात म्हणजे हिपोक्रेटीस. शीर उघडण्याला हकीम फस्द म्हणतात, आणि आपला 'नस्तर' हा शब्दही फारसीतूनच आला. त्यामुळे आमच्या गावी आलेल्या त्या वृद्ध गृहस्थांच्या हातातले ज्ञान सुश्रुताचे होते, की गॅलेनचे, की दोन्हींचे मिश्रण, हे सांगणे अवघड आहे. तुंबडी देशी, नस्तर फारसी. आणि जळूला तर आमच्या पंचक्रोशीत निम्मी घरे कानडीत 'जिगणे' म्हणतात.

युरोपात हा उपचार एकोणिसाव्या शतकापर्यंत जोरात होता. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्त फिरते हे दाखवले, म्हणजे विहीर-पाटाचा सिद्धान्तच ढासळला, तरी नस्तरे चालूच राहिली. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे डिसेंबर १७९९ मध्ये घसा सुजला असता एका दिवसात दोन लिटरांहून अधिक रक्त काढले गेले आणि त्याच रात्री ते वारले. फ्रान्सने १८३३ या एका वर्षात चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्या. याला पहिला खरा छेद दिला तो एका मोजणाऱ्या माणसाने. पॅरिसच्या पिएर लुई याने न्यूमोनियाचे ७७ रोगी घेतले. सर्वांचे रक्त काढले होते. काहींचे पहिल्या चार दिवसांत, काहींचे नंतर. लवकर काढलेल्या ४१ पैकी ४४ टक्के दगावले, उशिरा काढलेल्या ३६ पैकी २५ टक्के. १८३५ साली त्याने हे छापले. ओरड झाली, पण हळूहळू नस्तरे म्यान झाली. अगदी नाहीशी झाली नाहीत: अंगात लोह साचण्याच्या किंवा तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याच्या आजारात आजही रक्त काढतात, आणि तुटलेले बोट जोडल्यावर जळवा लावायला अमेरिकेत २००४ मध्ये रीतसर मान्यता मिळाली.

लुईचे आकडे मी कागदावर उतरवून घेतले आणि आत्याला दाखवले. आजी म्हणत होती ते, लवकर बोलावले असते तर, याला त्या आकड्यांत आधार नाही, उलटच आहे. पण ते ७७ रोगी न्यूमोनियाचे होते. आजोबांना काय झाले होते ते कोणी लिहून ठेवले नाही. हिवताप असेल, विषमज्वर असेल. रक्त न काढता ते जगले असते का, हे ॲनाक्सिओनच्या खोकल्यासारखेच राहिले आहे, आणि गॅलेनच्या त्या एकवीस वर्षांच्या बाईसारखे. शीर उघडली असती तर ती वाचली असती, असे गॅलेनने आयुष्यभर मानले. एकाच रोग्यावर दोन्ही करून पाहता येत नाही.

आत्याने कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "हे पलीकडे पण वाचून दाखव जा."

मी गेलो. भिंतीपलीकडे थोरल्या आजोबांचे नातू, माझे अण्णा, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे आमचं म्हातारं बरोबर होतं म्हणतोस?" मी म्हणालो, "तसं नक्की सांगता येत नाही, अण्णा." त्यांनी चहा सांगितला. वाटी पाहायला मात्र ते संध्याकाळी स्वतः आमच्या दाराने आत आले; पुष्कळ वर्षांनी आले.

आत्याने तोवर ती चिंच-मीठ लावून घासून ठेवली होती. तांबे लखलखत होते. सूनबाईंनी सहज विचारले, यंदा पणतीसारखी वात घालून उंबऱ्यात ठेवू का? आत्या नको म्हणाली. ती आता देवघराच्या फडताळात, खालच्या कप्प्यात आहे.